सर्वांना मनाई

शाळा सोमवारी उघडायची होती आणि वेळापत्रक गुरुवारी सकाळीच पूर्ण झालं. तिथेच सगळं बिघडलं. काम अपुरं असलं की माणूस कामात असतो. वेळेआधी पुरं झालं की त्याला सुधारणा सुचायला लागतात.

वेळापत्रक लावणारे सर त्या शाळेचे उपमुख्याध्यापक होते. सव्वीस तुकड्या, बेचाळीस शिक्षक, अठ्ठावीस खोल्या (त्यातल्या दोन गळक्या) यांची मोट बांधायचं काम गेली एकोणीस वर्षं ते एकहाती करत आले होते. हे काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. चौकटी आखायच्या आणि नावं भरायची, एवढंच ना. पण संगीताचा तास गणिताच्या शेजारी आला की गणिताच्या बाई रजेवर जातात. खेळाच्या सरांना जेवणानंतरचा पहिला तास दिला तर ते मैदानावर मुलांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावतात आणि स्वतःही मिटतात. विज्ञानाच्या प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे असते ते मंगळवारी उशिरा येतात. का, ते कोणी विचारत नाही. या सगळ्या अडचणी सरांच्या डोक्यात होत्या. कोणत्या वारी, कोणत्या क्षणी, कोणता शिक्षक कोणत्या जिन्यात असेल हे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

यंदा त्यात एक नाजूक गाठ होती. भूगोलाच्या बाई आणि चित्रकलेचे सर गेल्या वर्षीपर्यंत नवरा-बायको होते आणि त्यांच्या विनंतीवरूनच सरांनी दोघांना रोज एकच तास मोकळा दिला होता. उन्हाळ्यात ते वेगळे झाले. शाळा मात्र तीच राहिली. आता त्यांचे मोकळे तास वेगळे हवेत, वर्ग समोरासमोर नकोत, आणि हे मुद्दाम केलंय असं कोणाला दिसताही कामा नये. बाईंनी मागणी अशी काही केलीच नव्हती. बुधवारी त्यांनी फक्त फोन करून, लागलं का, एवढं विचारलं. सरांनी सांगितलं, लागतंय, काळजी करू नका. त्यावर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग त्यांनी फोन ठेवला. त्या न बोलण्यामुळे सरांनी ते वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.

तर गुरुवारी ते पूर्ण झालं. सरांची बायको पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि प्रशिक्षणासाठी आठ दिवस परगावी गेली होती. घरात सर एकटेच. तरीही त्यांना काळजी लागली ती गुप्ततेची. गेल्या वर्षी वाचनालयाच्या बाई सहज म्हणून घरी आल्या, सर पाणी आणायला आत गेले, आणि तेवढ्यात पडद्यावरचा कच्चा मसुदा बाईंनी पाठ केला. संध्याकाळपर्यंत बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांचे आक्षेप आले होते. उरलेले तिघे फोन लागत नाही म्हणून प्रत्यक्षच आले. यंदा सरांनी पेन्सिलीने केलेले सगळे कागद कपटे कपटे करून फेकले होते. पेनड्राइव्हवर प्रत ठेवणं म्हणजे खिशात गुपित घेऊन फिरणं, म्हणून तीही ठेवली नव्हती. आता राहिला संगणकातला तो एकच फोल्डर, ‘बाबांची शाळा’ नावाचा. त्याला कुलूप घालावं, असं सरांच्या मनानं घेतलं. मघाशी म्हटली ती सुधारणा हीच.

त्यांनी फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबली आणि शोधत शोधत एका चौकटीपर्यंत पोचले. तिथे नावांची यादी होती, आणि प्रत्येक नावापुढे ‘परवानगी’ आणि ‘मनाई’ अशा अर्थाचे छोटे छोटे चौकोन. यादीत सगळ्यात वर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सर्व’. सरांना धक्काच बसला. आपल्या घरात, आपल्या टेबलावर, आपल्या फोल्डरमध्ये या ‘सर्वां’ना मोकळं रान होतं तर. त्यांनी ‘सर्व’पुढचा मनाईचा प्रत्येक चौकोन खूण करून भरला. संगणकानं अदबीनं विचारलं, मनाई ही परवानगीपेक्षा वरचढ ठरते, विचार पक्का आहे ना? एकोणीस वर्षं बेचाळीस माणसांना ज्या ठामपणे उत्तरं दिली होती त्याच ठामपणे सरांनी ‘हो’ म्हटलं.

कुलूप लावल्यावर माणूस एकदा ओढून बघतो. सरांनी फोल्डर उघडून पाहिला. या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही, असं उत्तर आलं. सरांना फार समाधान वाटलं. खुर्ची मागे सरकवून ते उठले, खिडकीपर्यंत गेले, आणि खिडकीशी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की त्या वाक्यातले ‘तुम्ही’ म्हणजे आपण.

सर्वांमध्ये आपणही येतो, हे शाळेत एकोणीस वर्षं ‘सर्वांसाठी सूचना’ काढणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही, यात नवल नाही. सूचना काढणारा सूचनेत मोडत नसतो, हा सरकारी आणि घरगुती व्यवहाराचा पायाच आहे. पण संगणकाला तो कोणी शिकवला नव्हता. सर परत येऊन बसले आणि मनाई काढायला गेले, तर त्यालाही मनाई. जोर करून पुढे गेले, तेव्हा एक नवी चौकट आली. हा बदल फक्त या संगणकाचे प्रशासक करू शकतात. प्रशासकांचा पासवर्ड द्यावा. त्याखाली प्रशासकांचं नाव आणि चित्र होतं. चित्र घुबडाचं होतं. नाव होतं, ठमी.

ठमी म्हणजे सरांची मुलगी.

हा संगणक सात वर्षांपूर्वी घरात आला तेव्हा तिनेच तो जोडला होता, तिनेच सगळ्यांची खाती उघडली होती आणि बाबांसाठी तो फोल्डरही तिनेच करून दिला होता. सर तिथे साधे वापरकर्ते होते, हे त्यांना सात वर्षांनी कळलं. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, आतमध्ये राज्य घुबडाचं.

तिला एक फोन केला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण सर आणि ठमी सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते. हिशेबतपासनीस व्हायचा अभ्यासक्रम तिने दोन वर्षांनी अर्ध्यात सोडला आणि दोन तासांवरच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून नोकरी धरली. तिच्या पुढच्या पाच वर्षांचं वेळापत्रक सरांनी आधीच लावून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. जाताना तिने ते काढलंही नाही. नुसतं दार लावलं. तेव्हापासून जे काही बोलणं होई ते आईच्या मार्फत. तिला सांग, थंडी वाढलीय. त्यांना सांग, माझ्याकडे पांघरूण आहे.

सरांनी फोन हातात घेतला, ठेवला, स्वयंपाकघरात गेले, कशासाठी आलो ते न आठवून परत आले आणि पुन्हा फोन घेतला. एवढ्यात दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचे तपासनीस होते. हे गृहस्थ बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते, पण तपासणी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. सरांच्या खोलीत खालीवर होणारी पावलं त्यांना वरच्या मजल्यावर ऐकू आली होती. माणूस वरच्या मजल्यावर चालला तर खाली ऐकू येतं; खाली चालल्याचं वर कसं ऐकू आलं, हा प्रश्न सरांना पडला, पण विचारायची ती वेळ नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. फक्त, कुलूप आपणच घातलं, एवढं गाळलं.

तपासनिसांनी परिस्थितीची पाहणी केली, वर जाऊन एक जाड वही आणली, पानावर तारीख घातली आणि समास आखला. पासवर्ड शोधणं हे शास्त्र आहे, त्यात घाई चालत नाही, असं ते म्हणाले. आधी एक चुकीचा घालून बघू. तो घातला. संगणकानं नकार दिला आणि त्याच दमात खाली एक ओळ दाखवली. पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी ठमीने तेव्हाच लिहून ठेवलेली खूण होती ती. ‘बाबांना कधीच आठवत नाही ते.’

मग तपासनिसांनी चष्मा पुसला आणि पेनचं टोपण काढत विचारलं, “सर, तुम्हाला काय काय आठवत नाही?”

या प्रश्नाचं उत्तर कोणताही माणूस कसं देणार? आठवलं असतं तर सांगितलं असतं. सर म्हणाले, माझी स्मरणशक्ती शाळेत प्रसिद्ध आहे. तपासनिसांनी तसं लिहून घेतलं आणि तारखांपासून सुरुवात करू म्हणाले. लग्नाची तारीख? सरांनी सांगितली. तपासनीस म्हणाले, ही नसावी, ही तुम्हाला आठवतेय. मुलीची जन्मतारीख? तीही आठवत होती. मेहुणीच्या लग्नाची? ती आठवत नव्हती, म्हणून त्यांचा उत्साह वाढला. पण आठवत नसल्यामुळे टाईपही करता येईना. पाच चुका झाल्या की संगणक दहा मिनिटं रुसून बसे आणि त्या दहा मिनिटांत सर दिवाणखान्यात येरझारा घालत. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चौदा पावलं होती. दुपारपर्यंत ती मोजायचंही त्यांनी सोडून दिलं.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई साखरेच्या गोळ्यांवर श्रद्धा असणाऱ्यांतल्या. त्या येऊन म्हणाल्या की यंत्राला विश्रांती द्या, आठ दिवस हात लावू नका, आपोआप निवळेल. आणि सरांना काय आठवत नाही असं विचारल्यावर त्यांनी एक क्षणही न थांबता सांगितलं, जिन्यातला दिवा बंद करणं. तपासनिसांनी तेही नोंदवलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी साऱ्या इमारतीत पसरली. शेजारपाजारचे लोक दारातून डोकावून सरांना काय काय आठवत नाही हे आपण होऊन सांगून जाऊ लागले. वर्तमानपत्र टाकणाऱ्यानं सांगितलं की सर त्याला वर्षभर त्याच्या भावाच्या नावानं हाक मारतात. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं की सरांना त्यांची छत्री परत करणं आठवत नाही, आणि जाताना ते छत्री घेऊन गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जन्मभर कमावलेली प्रतिष्ठा सर एका खुर्चीत बसून वहीत उतरताना पाहत होते. तपासनिसांचं अक्षर सुरेख होतं, त्यामुळे प्रत्येक नोंद आणखीच लागत होती.

शेवटी त्यांनी बायकोला फोन लावला. अगदी सहज बोलतोय असं दाखवत, हवापाण्याची चौकशी करून झाल्यावर, विचारलं, मी सहसा काय विसरतो गं? त्या म्हणाल्या की गॅस चालू राहिलाय का, ते आधी बघा. राहिला नव्हता. तेव्हा त्या म्हणाल्या, माझी सुटी पंधरा मिनिटांची आहे आणि यादी मोठी आहे, नेमकं काय हवंय ते सांगा. मग सरांना सगळं सांगावंच लागलं, कुलपाच्या प्रकरणासकट. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तिलाच विचारा की, एवढंच म्हणाल्या.

“तू विचार,” सर म्हणाले.

“नाही,” त्या म्हणाल्या. “सात महिने तुमचे निरोप पोचवते आहे. थंडी, पांघरूण, खोकला. आता मी सुटीवर आहे.” आणि त्यांची सुटी संपली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी सरांनी ठरवलं की घरचं भांडण बाहेरच्या माणसाकडून सोडवून घेऊ. त्यांनी आधी संगणकाच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. अर्धा तास एकच धून ऐकल्यावर एक गोड आवाज आला आणि त्याने विचारलं की नोंदणी कोणाच्या नावावर आहे. नोंदणी ठमीच्या नावावर होती. ते फॉर्म भरायचे तेव्हा सरांनीच, ते तू बघ, असं तिला सांगितलं होतं. गोड आवाज म्हणाला, मग त्यांनाच बोलायला सांगा, किंवा त्यांच्या सहीचं अधिकारपत्र पाठवा. सर म्हणाले, मी तिचा बाप आहे. आवाजानं सहानुभूती दाखवली. त्यांच्या फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

मग सरांनी आणि तपासनिसांनी संगणकाचा खोका कपड्यांच्या टोपलीत घालून दोन बाजूंनी धरला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, बिघडला का? आणि तपासनीस थांबून सविस्तर सांगायचे. दुकानात एक दुरुस्तीवाल्या बाई भिंगातून हिरव्या पट्टीकडे पाहत बसल्या होत्या. त्यांनी डोकं वर न करता सगळं ऐकलं आणि सांगितलं की हे काम दहा मिनिटांचं आहे. सरांचा जीव भांड्यात पडला. तो भांड्यात नीट बसण्याआधीच बाईंनी विचारलं, “संगणक तुमचाच कशावरून?”

भिंतीवर त्यांच्या हातची पाटी होती: मालकीचा पुरावा असल्याशिवाय कुलूप उघडले जाणार नाही. मागे कोणी तरी मेव्हण्याचा लॅपटॉप आणून उघडून घेतला होता आणि त्यातून दोन घरं मोडली होती, म्हणून हा नियम. सरांनी घरी जाऊन बिल शोधून आणलं. बिल बायकोच्या नावावर होतं. तिच्या कार्यालयाच्या योजनेतून घेतलेलं. दुरुस्तीवाल्या बाईंनी ते दिव्याखाली धरून वाचलं. विकत घेतलाय यांनी, प्रशासक दुसरीच कोणी, आणि आणलाय तुम्ही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. तपासनिसांनी साक्ष द्यायची तयारी दाखवली. पण साक्षीत ते, मी यांना तेवीस वर्षं ओळखतो, इथून सुरू करून वहीतली यादी वाचायला लागले. सरांनी टोपलीचं एक टोक उचललं आणि निघाले. दुसरं टोक नाइलाजानं मागोमाग आलं.

घरी पोचतात न पोचतात तोच शाळेच्या बडेबाबूंचा फोन. हे शाळेचे मुख्य लिपिक. शाळेत मुख्याध्यापक बदलत, बडेबाबू बदलत नसत. त्यांनी आठवण करून दिली की वेळापत्रक शनिवारी बाराच्या आत आवक क्रमांक पडून दाखल व्हायला हवं. सरांनी चाचरत विचारलं, समजा नाहीच झालं, तर? बडेबाबूंना असल्या प्रश्नांची उत्तरं देताना आनंद होत असे. ते म्हणाले, नियम स्पष्ट आहे. नवीन दाखल होईपर्यंत जुनं लागू. म्हणजे सोमवारपासून गेल्या वर्षीचं वेळापत्रक फळ्यावर लागेल, आणि निवृत्त झालेले तिघे जण कागदोपत्री पाचवीला शिकवू लागतील.

सरांना त्या तिघांचं काही वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आला तो फळा, त्याच्यापुढची गर्दी, आणि त्या गर्दीत बोटानं आपलं नाव शोधणाऱ्या भूगोलाच्या बाई. रोजचा चौथा तास मोकळा. त्याच ओळीत खाली चित्रकलेचे सर, चौथा तास मोकळा. शिक्षक-खोली एकच. काळजी करू नका, असं म्हटलेला माणूस तेव्हा कुठे उभा असेल? त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. वेळापत्रक आठवून पुन्हा लिहावं म्हणून ते कागद घेऊन बसले. सोमवार आणि मंगळवार झरझर उतरले. बुधवारी संगीताचे सर एकाच वेळी दोन खोल्यांत गाऊ लागले, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

शनिवारी सकाळी तपासनीस वही घेऊन हजर झाले. नोंदी त्रेसष्ट झाल्या होत्या. शेवटच्या ओळीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘मुलीला फोन करणे’, आणि पुढे कंसात, ‘हे आठवतं, पण करत नाहीत’. सरांनी ते वाचलं. रागावण्यासारखं होतं. पण साडेनऊ वाजले होते आणि माणसाला रागावायलाही थोडी सवड लागते. ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला. नमस्कार नाही, चौकशी नाही. “आईला काय झालं?” असा आवाज आला.

सरांना कळेना, असं का विचारते. मग कळलं. आपण फोन केला म्हणजे दुसरं काय असणार, असं तिला वाटलं होतं. ते घाईघाईनं म्हणाले, आई ठीक आहे, प्रशिक्षणाला गेलीय, परवाच बोललो.

“मग तुम्हाला?”

“मलाही काही नाही.” जरा थांबून ते म्हणाले, “वेळापत्रक अडकलंय.”

पलीकडून दीर्घ श्वास ऐकू आला. सुटकेचा की वैतागाचा, ते फोनवर कळत नाही. सरांनी मग सांगायला सुरुवात केली. सर्वांना मनाई केल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा ती हसली. ते हसू त्यांनी सात महिन्यांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे ती आपल्याला हसत आहे याचंही त्यांना विशेष वाटलं नाही. पासवर्डसाठी इमारतीतले लोक काय काय सांगून गेले, तेही त्यांनी सांगून टाकलं. छत्रीचं, दिव्याचं, पेपरवाल्याचं. शेवटी विचारलं, “काय आठवत नाही गं मला?”

“नववी फ,” ठमी म्हणाली. “इंग्रजी अक्षरांत, जोडून.”

सरांना काहीच आठवलं नाही. म्हणजे पासवर्ड बरोबर होता.

तिला सांगावं लागलं. संगणक आला त्या वर्षी ती नववी फ मध्ये होती, सरांच्या नव्हे, दुसऱ्या शाळेत. पालकसभेला सर गेले आणि नववी अ च्या वर्गात जाऊन बसले. पाऊण तास बसले. तिथल्या शिक्षिकेला त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकातली चूकही दाखवून दिली. ठमी आपल्या वर्गाच्या दारात उभी राहून वाट पाहत होती. घरी आल्यावर ते म्हणाले होते, तुझ्या वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, चूक लगेच मान्य केली.

सरांना ती चूक आठवत होती. गुरुवारी तिसऱ्या तासाला इतिहास आणि शारीरिक शिक्षण एकाच मैदानावर लावलं होतं. चूक स्वच्छ आठवत होती, भिंतीचा रंगसुद्धा. नववी फ चं दार मात्र आठवत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तसं कबूल केलं.

तेवढ्यात पलीकडे कसला तरी आवाज झाला, कोणी तरी ठमीला हाक मारली, आणि थांबा हं बाबा, म्हणून तिनं फोन कुठे तरी ठेवला. सर ऐकत राहिले. भांडं पडल्याचा आवाज, खुरांची धडपड, कोणाचं तरी ओरडणं. मग तिचा आवाज, खालच्या पट्टीत, संथ, एकसारखा, समजूत घालणारा. ती काय म्हणत होती ते कळत नव्हतं. धडपड मात्र हळूहळू थांबली. आत तपासनीस दाराच्या काचेला नाक लावून घड्याळाकडे बोट दाखवत होते. सरांनी त्यांच्याकडे पाठ केली.

“आहात का?” ती परत आली तेव्हा धापा टाकत होती.

“आहे. काय होतं?”

“गाढव. खुरात खिळा गेलाय. अंगाला हात लावू देत नाही. पण बोलत राहिलं की ऐकतं.”

“मग निघाला का खिळा?”

“निघाला,” ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगत सुटली. खूर कसा साफ करतात, कुठल्या बाजूला उभं राहायचं नसतं, पहिल्या आठवड्यात तिला कशी लाथ बसली आणि ती आईनं त्यांच्यापासून कशी लपवली. दवाखान्यात मदतनीस तिघे आणि पाळ्या कोणी कधी करायच्या त्याचा रोजचा गोंधळ. हे ऐकून सरांची बोटं शिवशिवली. नावं आणि वेळा पाठव, मी बघतो, असं त्यांच्या ओठांवर आलं, आणि अर्धं बाहेरही पडलं.

“बाबा,” ठमी म्हणाली.

सरांनी उरलेलं गिळलं.

“आधी येऊन बघा तरी,” ती म्हणाली. “शनिवारी दुपारी गर्दी कमी असते.”

फोल्डर दहा मिनिटांत उघडला. ठमीनं फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि सरांनी एकही पायरी न सुधारता ती ऐकली. वेळापत्रक छापून सर आणि तपासनीस शाळेत पोचले तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. बडेबाबूंनी प्रत्येक पान मोजून शिक्का मारला. मोडका पंखा, गळक्या खोल्या आणि नवं वेळापत्रक यांसह सोमवारी शाळा सुरू झाली. पहिल्या तासाच्या आत एकतीस आक्षेप आले. भूगोलाच्या बाई फळ्यापाशी आल्या, त्यांचं बोट एका ओळीवरून सरकत गेलं, मग खालच्या दुसऱ्या ओळीवरून, आणि त्या वर्गावर गेल्या. आक्षेप नोंदवलेल्यांत त्यांचं नाव नव्हतं.

मंगळवारी मधल्या सुटीत सर रजेचा अर्ज घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभे राहिले. शनिवारचा अर्धा दिवस हवा होता. एकोणीस वर्षांत त्यांनी सत्रात रजा घेतली नव्हती, त्यामुळे बडेबाबूंनी अर्ज दोनदा वाचला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, जनावरांच्या दवाखान्यात जाणे. बडेबाबू म्हणाले की पाळीव प्राण्याच्या आजारासाठी रजेचा प्रकार नाही. आणि तुमच्याकडे जनावर आहे कुठलं?

“जनावर नाही,” सर म्हणाले. “मुलगी आहे तिथे.”

बडेबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं, कारण खोडलं, स्वतःच्या हातानं ‘कौटुंबिक’ लिहिलं आणि सवयीनं विचारलं, काय करते ती तिथे? सर खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवून सांगू लागले. गाढवाच्या खुरात खिळा गेला की त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, आधी काय करायचं, कसं बोलत राहायचं. मागे रांग वाढली. सुटी संपल्याची घंटा झाली, रांगेतले शिक्षक एकेक करून आपापल्या वर्गाकडे निघून गेले. आठवी ब सरांची वाट पाहत बसली होती, आणि सर बडेबाबूंना दोन्ही हातांनी खूर धरून दाखवत होते.